रानडुकरांनी धान लोळवलं, अर्ज नक्की कोणाकडे द्यायचा? वनखात्याची उतरंड समजून घेण्यासाठी धागा

धानाचीबांधी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. पूर्व विदर्भातल्या जंगलकाठच्या गावात आमची थोडी धानाची शेती आहे. मागच्या वर्षी लोंब्या भरत आल्या होत्या आणि एका रात्रीत रानडुकरांनी तीन बांध्या (धानाच्या शेताचे बांध घातलेले तुकडे) लोळवल्या. सकाळी आई धुऱ्यावर उभी राहिली, पाहिलं आणि एक शब्द न बोलता घरी परतली. तिचं ते परत फिरणं मला अजून आठवतं.

भरपाई मिळते हे ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघाले. रानडुक्कर म्हणजे वन्यप्राणी, तेव्हा ज्या कार्यालयाच्या फलकावर ‘वन्यजीव’ लिहिलेलं होतं तिथे अर्ज दिला. त्यांनी ठेवून घेतला, पोच दिली नाही. मी मागितलीही नाही. चौथ्या दिवशी निरोप आला की तुमचं शेत आमच्या हद्दीत येत नाही, प्रादेशिककडे जा. प्रादेशिकच्या कार्यालयात सांगितलं, अर्ज तीन दिवसांत यायला हवा होता, मुदत संपली. दोन्ही कार्यालयं एकाच रस्त्यावर आहेत. नावं लिहीत नाही, कारण मला कोणाला धडा शिकवायचा नाही, हे खातं समजून घ्यायचं आहे.

गावात खाकी घातलेली माणसं येतात, त्यांत काही प्रादेशिकची, काही वन्यजीवची, काही एफडीसीएमची. रस्त्याकडेची झाडं लावणारे सामाजिक वनीकरणवाले आणखी वेगळे. आम्ही सगळ्यांनाच ‘फारेष्टवाले’ म्हणतो. कोणाचा साहेब कोण, कोणाच्या हातात काय, जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं. यंदाही धान पोटरीत आलंय आणि डुकरं येणारच आहेत.

---

सागवान

ताई, मी ३३ वर्षं या खात्यात काढली. वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल म्हणून निवृत्त झालो. तुमचं वाचून वाईट वाटलं. ज्या कार्यालयात अर्ज आला त्यांनी तो त्याच दिवशी शेजारच्या कार्यालयात पोचवायला हवा होता. खातं एकच आहे, दारं दोन असली म्हणून काय झालं? पण दारं कोणती हे माहीत असलेलं बरं. मी खालून वर सांगतो, कारण जंगल खालूनच राखलं जातं.

सगळ्यात खाली नियतक्षेत्र, म्हणजे बीट. एका बीटाला एक वनरक्षक. काही बीटांचं मिळून परिमंडळ, म्हणजे राऊंड, तिथे वनपाल. पश्चिम महाराष्ट्रात त्याला परिमंडळ वनअधिकारी म्हणतात, तुमच्या बाजूला क्षेत्र सहायक. माणूस तोच, हुद्दा तोच. त्याच्या वर वनपरिक्षेत्र, म्हणजे रेंज. तिथले आरएफओ साहेब. पदाचं नाव वनक्षेत्रपाल, आणि रेंजचा कारभार हाती असला की वनपरिक्षेत्र अधिकारी. शिक्का बघून पुष्कळांना वाटतं की ही दोन वेगळी माणसं आहेत.

रेंजच्या वर सहायक वनसंरक्षक आणि त्यांच्या वर उपवनसंरक्षक. यांना गाव अजूनही डीएफओ म्हणतं. उपवनसंरक्षकांच्या हद्दीला ‘वनविभाग’ म्हणतात आणि सबंध खात्यालाही आपण ‘वनविभाग’च म्हणतो. अर्ध्या गोंधळाचं मूळ इथे आहे. पत्रावर ‘वनविभाग, ब्रह्मपुरी’ दिसलं तर तो ब्रह्मपुरीचा उपवनसंरक्षक समजायचा, खातं नव्हे.

दुसरी गोष्ट, वनविभागाची हद्द जिल्ह्याच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर, मध्य चांदा आणि ब्रह्मपुरी असे तीन प्रादेशिक वनविभाग. गडचिरोलीत तर पाच: गडचिरोली, वडसा, आलापल्ली, भामरागड, सिरोंचा. जिल्हाधिकारी एक आणि डीएफओ पाच. म्हणून जिल्ह्याच्या गावी जाऊन ‘डीएफओ ऑफिस कुठे’ विचारलं तर दाखवलेलं ऑफिस तुमचंच असेल याचा भरवसा नाही. आधी आपली रेंज विचारायची, मग विभाग.

अनेक विभाग मिळून वनवृत्त, त्याचे प्रमुख मुख्य वनसंरक्षक, काही ठिकाणी वनसंरक्षक. राज्यात प्रादेशिक वनवृत्तं ११ आहेत: नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, अमरावती, यवतमाळ, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, धुळे, ठाणे, पुणे, कोल्हापूर. आणि या सगळ्यांच्या वर नागपूरचं वनभवन. राजधानी मुंबई, पण वनखात्याचं मुख्यालय नागपूरला आहे. तिथे बसतात प्रधान मुख्य वनसंरक्षक (वनबल प्रमुख). मंत्रालयातला ‘महसूल व वन विभाग’ हा त्याहून वेगळा, तिथे सचिव आणि मंत्री. धोरण, शासन निर्णय, निधी हे तिथून येतं. जंगलात ते राबवतं वनभवन.

आता तुमच्या चार प्रकारच्या खाकीचं. वर सांगितली ती प्रादेशिक शाखा. वन्यजीव शाखेकडे अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यानं आणि व्याघ्र प्रकल्प. एफडीसीएम म्हणजे महाराष्ट्र वनविकास महामंडळ, स्थापना १९७४, तेही नागपूरलाच. सरकारने त्यांना काही वनक्षेत्र साग वाढवायला आणि लाकूड काढायला दिलेलं आहे. त्यांच्याकडे डीएफओ नसतो, विभागीय व्यवस्थापक असतो. सामाजिक वनीकरण १९८२ मध्ये सुरू झालं, ते जंगलाबाहेरच्या जमिनीवरच्या झाडांसाठी: रस्त्याच्या कडा, गावठाण, शाळा.

आणि एक खूण लक्षात ठेवा. अर्ज कोणाचा, हे जनावरावरून ठरत नाही, जमीन कोणाच्या हद्दीत आहे त्यावरून ठरतं. रानडुक्कर वन्यप्राणी असला तरी शेत प्रादेशिकच्या बीटाला लागून आहे, म्हणून प्रादेशिक.

---

अभ्यासिका२४

सागवान काका, फार उपयुक्त माहिती. मी एमपीएससीची तयारी करतेय. एसीएफ आणि आरएफओ दोन्ही एकाच परीक्षेतून जातात ना? मग वरचे साहेब कुठून येतात?

---

सागवान

हो ताई, महाराष्ट्र वनसेवा परीक्षेतून सहायक वनसंरक्षक गट अ आणि वनक्षेत्रपाल गट ब भरले जातात. लेखी झाल्यावर चालण्याची चाचणी असते, पुरुष उमेदवारांना चार तासांत २५ किलोमीटर. आत्तापासून पायांना सवय लावा. भारतीय वनसेवेचे अधिकारी यूपीएससीतून येतात, त्यांचं प्रशिक्षण डेहराडूनला. आपल्याकडे प्रशिक्षणासाठी चंद्रपूरची वन अकादमी आहे, सांगलीकडे कुंडलची प्रबोधिनी आहे. वनरक्षकांची भरती खातं स्वतः करतं. वनरक्षकाचा वनपाल, वनपालाचा वनक्षेत्रपाल अशी पदोन्नतीची वाट आहे. माझी एका पायरीवर थांबली, बरोबरचे काही जण आरएफओ झाले.

---

जुनेदप्तर

एक भर घालतो. ही उतरंड लष्करासारखी का दिसते, हे इतिहास पाहिल्यावर कळतं. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं. ते पेशाने शल्यवैद्य, पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक. त्या काळी सरकारला चिंता होती जहाजांसाठी लागणाऱ्या सागाची, पुढे रेल्वेच्या स्लीपरांची. १८६४ मध्ये देशपातळीवर वनखातं उभं राहिलं, पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस. मग १८७८ चा वन कायदा, आणि त्याच्या जागी १९२७ चा भारतीय वन अधिनियम, जो आजही वनरक्षकाच्या हातात आहे.

म्हणजे खातं जन्मलं ते लाकूड मोजायला आणि राखायला. ‘कूप’ (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा), ‘आगार’ (लाकडाचं कोठार), ‘कक्ष’ (जंगलाचा क्रमांक दिलेला भाग) हे शब्द त्याच काळापासून चालत आले. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, व्याघ्र प्रकल्प १९७३ चा, वन संवर्धन कायदा १९८० चा. ही नवी कामं जुन्या सांगाड्यावर चढवली गेली. १९७६ पर्यंत वने हा राज्यांचा विषय होता, ४२ व्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. म्हणून नोकरी राज्याची, पण वनजमीन रस्त्याला किंवा खाणीला द्यायची तर मंजुरी केंद्राची.

पुढे १२ डिसेंबर १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश. त्यात ‘वन’ शब्दाचा कोशातला अर्थ धरायला सांगितलं, मालकी कोणाचीही असो, आणि मंजूर कार्य आयोजनेशिवाय (जंगलात कुठे काय काम करायचं याचा आराखडा) तोड थांबवली. विदर्भातल्या झुडपी जंगलाचा प्रश्न इतका चिघळला तो यामुळेच. महसूल दप्तरात ती गावाची गुरं चारायची, सरपणाची जमीन, आणि न्यायालयाच्या लेखी वन. कित्येक गावांत तलाठी आणि वनरक्षक एकाच तुकड्याकडे दोन वेगळी नावं घेऊन येतात.

---

बफरकाठ

आम्ही ताडोबाच्या बफरमधले, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातले. आमच्याकडची रचना वेगळी आहे, म्हणून लिहिते. व्याघ्र प्रकल्पाचा प्रमुख क्षेत्र संचालक, त्याचं कार्यालय चंद्रपूरला. त्याच्या हाताखाली दोन उपसंचालक, एक गाभ्याचा, एक बफरचा. राज्यात असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत: मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर.

गावात वाघाने माणूस मारला की लोक रेंज ऑफिसला घेराव घालतात, ‘आत्ताच्या आत्ता पकडा’ म्हणतात. त्यांचं दुःख मी जवळून पाहिलंय, आमच्या शेजारच्या घरातलं आहे. पण आरएफओच्या हातात ते नाही. वाघ पकडायचा किंवा ठार करायचा तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली लेखी आदेश राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा लागतो, आणि तेही नागपूरला बसतात. त्या आदेशाला लागणारे कागद मात्र इथूनच जातात: पगमार्क, कॅमेरा ट्रॅपचे फोटो, आधीच्या घटना. म्हणून घेराव घालण्यापेक्षा, प्रत्येक घटना त्या दिवशीच्या त्या दिवशी लेखी नोंदवणं जास्त उपयोगी पडतं. आम्ही हे उशिरा शिकलो.

आणखी एक. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात एक महिला वनरक्षक वाघाच्या हल्ल्यात गेल्या. व्याघ्रगणनेच्या सर्वेक्षणासाठी त्या पायी चालल्या होत्या, सोबत वनमजूर होते. नागपूरहून निघालेलं गणनेचं परिपत्रक शेवटी अशा कोणाच्या तरी पायांनी पूर्ण होतं. तेव्हापासून गावात बीटवर येणाऱ्या मुलीला आम्ही पाणी प्यायल्याशिवाय जाऊ देत नाही.

---

सागवान

बफरकाठ ताई, तुम्ही लिहिलंत ते मनाला लागलं. बीटवरचं काम म्हणजे काय, हे बाहेर फारसं कोणाला दिसत नाही, म्हणून एक प्रसंग लिहितो.

जानेवारीतली सकाळ, गवतावर दव. नाल्याच्या वरच्या अंगाला मला सागाचं थुट, म्हणजे तोडलेल्या झाडाचा बुंधा, दिसलं. ताजं होतं, भुसा अजून ओलसर होता, कापलेल्या सागाचा तो तेलकट वास येत होता. खोड नेलेलं. टेप काढली, गोलाई घेतली, उंची घेतली. थुटाची थोडी साल काढून त्या जागी हातोडा मारला. आमच्या हातोड्याच्या तोंडावर खुणेची अक्षरं कोरलेली असतात, ओल्या लाकडात ती स्वच्छ उमटतात. शेजारी रंगाने क्रमांक टाकला. मग मांडीवर पीओआरचं पुस्तक ठेवून वनगुन्ह्याचा पहिला रिपोर्ट लिहिला: कक्ष क्रमांक, झाडाची जात, गोलाई, तारीख, आरोपी अज्ञात. कार्बन उलटा लागला होता, म्हणून पुन्हा लिहिला. ते पान राऊंडला, तिथून रेंजला. पुढे बैलगाडी सापडली, माल सापडला. जप्त गाडी सरकारजमा करण्याचा निर्णय सहायक वनसंरक्षकांच्या पातळीवर झाला.

आता समजा, मला ते थुट दिसलंच नसतं आणि साहेब तपासणीला आले असते. हातोड्याची खूण नसलेलं थुट म्हणजे वनरक्षकाच्या माथी जबाबदारी. हजार हेक्टरचं बीट, एक माणूस, जोडीला असला तर एक वनमजूर. त्याच बीटात १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा जाळून साफ करायच्या. पावसाळ्यात रोपवन, हिवाळ्यात गणना, आणि वर्षभर पंचनामे. वर नव्या योजना आल्या, नवे कक्ष उघडले, पदं वाढली. कामं सगळी शेवटी त्या एकाच बीटावर उतरली. मला या खात्याबद्दल एकच म्हणायचं असेल तर हे: वरच्या कोणत्याही कामाला खाली माणूस किती आहेत, हे आधी मोजा.

---

मोहफूल

सागवान काका, आदर ठेवून थोडं वेगळं बोलते. मी गडचिरोलीची, ग्रामसभेत काम करते. तुमच्या उतरंडीत बीटाच्या खाली काही नाही. आमच्या मते तिथे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले, तिथे जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेचं. मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये हा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. हक्क मिळून दोन वर्षं तो परवाना कोणी द्यायचा यावरच अडून होतं, हे विसरून चालणार नाही. जंगल तुमचं म्हणायचं आणि गेटवर बांबू अडवायचा, असं ते होतं.

अजून एक गैरसमज. लोक वनहक्काचे दावे घेऊन रेंज ऑफिसला जातात. दावा सुरू होतो ग्रामसभेच्या वनहक्क समितीत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती. उपवनसंरक्षक त्या समितीत सदस्य असतात, पण निर्णय एकट्या वनखात्याचा नाही, आणि कायद्याची अंमलबजावणी आदिवासी विकास विभागाकडे आहे.

---

सागवान

मोहफूल ताई, तुमचं बरोबर आहे आणि मी ते वगळायला नको होतं. नोकरीच्या पहिल्या वीस वर्षांत आम्हाला गाव म्हणजे जंगलावरचा ताण असंच शिकवलेलं. नव्वदच्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आल्या, पण तिथे सचिव आमचाच वनपाल, म्हणजे दोरी आमच्याच हातात. सामूहिक हक्काचं तसं नाही, हे स्वीकारायला मला वेळ लागला. एक शंका मात्र राहते. हक्काच्या जंगलात वणवा लागला किंवा बाहेरचे तोडायला आले तर रात्री कोण जाणार? पीओआर लिहायचा अधिकार वनरक्षकाचाच आहे.

---

मोहफूल

आमच्या गावात दोघं जातात, काका. गस्तीला ग्रामसभेच्या पाळ्या लावलेल्या आहेत, आणि गुन्हा दिसला की वनरक्षकाला बोलावून पंचनाम्यावर आम्ही पंच म्हणून सह्या करतो. तेंदूचा हंगाम संपल्यावर आलेल्या पैशातून राखणदाराची मजुरी निघते. जिथे वनरक्षक गावाशी बोलतो तिथे हे जमतं. जिथे दर वर्षी बदली होते तिथे पुन्हा पहिल्यापासून.

---

धानाचीबांधी (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहितेय. सर्वांचे मनापासून आभार. सागवान काकांनी सांगितलं तसं आधी आमचं बीट शोधलं. गावातल्या कोणालाच नाव सांगता येईना. शेवटी रेंज ऑफिसातल्या नकाशावर माझ्या बोटानं आमचा नाला सापडला, त्याच्या अलीकडे आमचा गट. वनरक्षकांचा नंबर घेतला, गावाच्या ग्रुपवर टाकला, ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून घेतला. वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनीचा १९२६ हा क्रमांकही खाली लिहिलाय.

गेल्या मंगळवारी डुकरं आलीच. दीड बांधी गेली. सकाळी साडेसहाला फोन केला, वनरक्षक नऊला आले, मोटारसायकलवर चिखलाने माखलेले, आदल्या रात्री पलीकडच्या गावात होते म्हणाले. अर्ज त्यांनी तिथेच धुऱ्यावर घेतला आणि पोच दिली. पंचनाम्याला दोन दिवसांनी कृषी सहायक आणि तलाठीही आले. टेप एका टोकाला वनरक्षकांनी धरली, दुसऱ्या टोकाला आईने. खुरांचे ठसे दाखवायला आई पुढे पुढे चालत होती. गट क्रमांक, क्षेत्र, पिकाची अवस्था सगळं तिला वाचून दाखवलं, मग तिने सही केली. हात ओले होते म्हणून आधी पदराला पुसले.

पैसे अजून यायचेत. आले की इथेच कळवीन. आणि ज्यांच्या गावचं बीट अजून माहीत नाही त्यांनी तालुका आणि गाव लिहा. काका, तुम्ही रेंज सांगू शकाल का?

---

सागवान

लिहा, सांगतो. तालुक्याबरोबर जवळचा नाला किंवा टेकडीचं नावही लिहा, गावं दोन रेंजच्या मधोमध असली तर त्यावरूनच कळतं.